गाडी मागून का आपटते? – एका पिकअपचं निदान आणि चौथीचा एक धडा



मी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला शिकवते. गॅरेज, पाना, ग्रीस यांच्याशी माझा तसा काही संबंध नाही. पण मागच्या मे महिन्याच्या सुट्टीत माहेरी निफाड तालुक्यात गेले होते, तेव्हा दादाच्या पिकअपचं दुखणं समोर आलं आणि आठ दिवस आम्ही त्याच्याच मागे लागलो. त्यातून मला विज्ञानाचे दोन-तीन धडे नव्याने समजले. म्हणून हा लेख. पालकांपैकी ज्यांच्या घरी पिकअप, टेम्पो किंवा ट्रक आहे त्यांना तर तो थेट उपयोगी पडेल.

दुखणं असं होतं. कांदा भरला की गाडी प्रत्येक गतिरोधकावर आणि खड्ड्यात मागून धाडकन आपटायची. दादाने आधी दोन्ही मागचे शॉकअप बदलले. फरक नाही. मग दोन्ही बाजूंना एकेक जादा पाटा टाकून घेतला. आता रिकामी गाडी बैलगाडीसारखी उडायला लागली, पाठ दुखायला लागली आणि भरलेली गाडी मात्र पूर्वीसारखीच आपटत राहिली. कांद्याच्या कितीतरी खेपांची कमाई यात गेली. वर गाडीचा हप्ता चालूच.

मी म्हटलं, "दादा, तू मोजलंस का काही?"

तो म्हणाला, "मास्तरीणबाई, गाडी आहे ती. गणिताचा पेपर नाही."

तरी मी पट्टी घेऊन गाडीखाली वाकलेच.

आधी समजून घेऊ : 'आपटते' म्हणजे नक्की काय होतं?

गाडीचा हौदा चासीवर असतो आणि चाकं एक्सलवर. या दोघांच्या मध्ये पोलादी पट्ट्यांची चवड असते, ते पाटे. वजन पडलं की कमानदार पाटे सपाट होत जातात आणि चासी एक्सलच्या जवळ येते. लोखंडावर लोखंड आपटू नये म्हणून चासीला खालून एक रबरी ठोकळा बसवलेला असतो. मेकॅनिक त्याला नुसतं 'रबर' म्हणतात. रबर आणि एक्सल यांच्यामध्ये जेवढी मोकळी जागा, तेवढीच चाकाला वर यायला सवड. ती सवड संपली की धाडकन आवाज येतो.

म्हणजे आपटणं हा मूळ रोग नाही, ते लक्षण आहे. आपल्याला विचारायचा प्रश्न एकच : ही सवड संपते कशाने? उत्तरं चारच असू शकतात.

१) वजनच जास्त आहे.
२) वजन बरोबर आहे, पण चुकीच्या जागी आहे.
३) पाटे बसलेत (कमान गेली) किंवा एखादा तुटलाय.
४) शॉकअप मेल्यामुळे गाडी झुलत राहते आणि झुलता झुलता टेकते.

दादाने चौथ्या उत्तरापासून सुरुवात केली होती. कारण 'दणका बसतो म्हणजे शॉकअप गेला' असं सगळेच म्हणतात. पण शॉकअप वजन पेलत नाही! वजन पेलायचं काम पाट्यांचं. शॉकअपचं काम फक्त पाट्यांची हालचाल आवरायचं. झोक्याला बसलेल्या मुलाला हात लावून थांबवतो तसं. उभ्या गाडीत नुसतं वजन टाकूनच ती रबराला टेकत असेल, तर शॉकअप सोन्याचा बसवला तरी उपयोग नाही.

पायरी पहिली : खरंच आपटते का?

हे विचारणं गमतीचं वाटेल, पण आवाज इतर जागांहूनही येतो. पाट्यांच्या टोकाचे बुश झिजले, पाटे एक्सलला आवळणारे यू-बोल्ट ढिले झाले किंवा खालची स्टेपनी सैल असली तरी धडधड येते.

यासाठी भाच्याने आणलेला शाडूचा गोळा कामी आला. रबराच्या बरोबर खाली, एक्सलवर, दोन्ही बाजूंना साधारण चार सेंटिमीटर उंचीचे गोळे चिकटवले. गाडी भरून गावच्या रस्त्याने एक चक्कर मारली. परत येऊन पाहिलं तर उजवा गोळा पोळीसारखा चपटा आणि डावा जेमतेम अर्धा सेंटिमीटर उरलेला. म्हणजे आवाज खरोखर आपटण्याचाच होता, आणि उजव्या बाजूला जास्त.

एक मेणाचा किंवा मातीचा गोळा, खर्च शून्य. एकही पार्ट बदलायच्या आधी ही चाचणी करावी.

पायरी दुसरी : रिकाम्या गाडीचं माप

गाडी सपाट जमिनीवर उभी केली, चाकांना दगड लावले. (नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका. आमची सगळी मापं चाकं जमिनीवर असतानाच घेतली आहेत.) रबर ते एक्सल अंतर मोजलं :

डावीकडे १०.५ सेंमी, उजवीकडे ९ सेंमी.

रिकाम्या गाडीतच दीड सेंटिमीटरचा फरक! बाहेरून डोळ्यांना तो दिसतही नव्हता. दोन्ही बाजू सारख्याच कमी असत्या तर 'पाटे जुने होऊन बसले' असं म्हटलं असतं. एकच बाजू कमी म्हणजे त्या बाजूला काहीतरी वेगळं घडलंय.

पायरी तिसरी : वजन टाकून माप

आता इथे रॉबर्ट हूक हे शास्त्रज्ञ मदतीला येतात. स्प्रिंग जेवढ्या बलाने ओढावी किंवा दाबावी त्या प्रमाणात तिची लांबी बदलते, हा नियम त्यांनी १६७८ साली आपल्या पुस्तकात मांडला. पाटे ही स्प्रिंगच. दुप्पट वजन, दुप्पट दबणं. (काही गाड्यांना खाली हेल्पर पाटे असतात. ते ठरावीक वजनानंतर कामाला लागतात, त्यामुळे तिथून पुढे गाडी कमी दबते. दादाच्या गाडीला ते नाहीत, म्हणून हिशोब सोपा झाला.)

पन्नास किलोच्या गोण्या मोजून बरोबर एक्सलच्या वर, मधोमध ठेवत गेलो. भाचा वहीत लिहीत होता :

रिकामी – डावी १०.५, उजवी ९.०
१० गोण्या (५०० किलो) – डावी ७.७, उजवी ५.४
२० गोण्या (१००० किलो) – डावी ४.९, उजवी १.८

आकडे नीट बघा. डावी बाजू दर ५०० किलोला २.८ सेंमी दबते. उजवी मात्र ३.६ सेंमी. म्हणजे उजवी बाजू नुसती खाली नाही, ती मऊसुद्धा झाली आहे. सारखेच पाटे असताना एक बाजू मऊ का व्हावी? कारण तिथला एखादा पाटा काम करत नाही.

उजव्या पाट्यांवरचा चिखल तारेच्या ब्रशने खरवडला. पाटे एकत्र धरणाऱ्या पट्टीच्या कडेला, तिसऱ्या पाट्यात, आडवी भेग! वरून चिखल आणि गंज, त्यामुळे शॉकअप बदलताना आणि जादा पाटा टाकतानाही ती कोणाच्या नजरेला आली नव्हती.

भाच्याने विचारलं, "आत्या, पाटा दमतो का गं?"

बरोबर तोच शब्द. तार एकदा वाकवली तर तुटत नाही, पण पुन्हा पुन्हा इकडे-तिकडे वाकवली की तुटते. धातूसुद्धा थकतो. जेवढा वाक मोठा, तेवढ्या लवकर थकतो.

पायरी चौथी : भुईकाटा

दादा म्हणाला, "झालं की मग! पाटा बदलू, विषय संपला."

मला मात्र शंका होती. तुटलेला पाटा हे उजव्या बाजूचं उत्तर झालं. पण डावी बाजू तर धड होती. मग डावा गोळा अर्ध्या सेंटिमीटरपर्यंत का दबला? आणि मुळात पाटा तुटला कशाने?

दुसऱ्या दिवशी नेहमीसारखा कांदा भरून गाडी भुईकाट्यावर नेली. नेहमी आपण एकच वजन करतो, पूर्ण गाडीचं. आम्ही तीन केली : पूर्ण गाडी, फक्त पुढची चाकं काट्यावर, आणि फक्त मागची चाकं काट्यावर. खाली करून परत येताना रिकाम्या गाडीचीही तशीच तीन केली.

रिकामी : पुढे ९५०, मागे ७५०, एकूण १७०० किलो.
भरलेली : पुढे ८५०, मागे २३५०, एकूण ३२०० किलो.

आरसी बुकावर गाडीचं भरलेलं वजन २९५० किलोपर्यंतच मान्य आहे. म्हणजे २५० किलो जास्त. पण खरी गोष्ट त्याच्या पुढे आहे. गाडीत १५०० किलो कांदा भरला आणि पुढच्या चाकांवरचं वजन वाढण्याऐवजी १०० किलोने कमी झालं! मग मागच्या पाट्यांवर १५०० नाही, १६०० किलो वाढले.

हे कसं? सीसॉसारखं. मागचा एक्सल हा टेकू. वजनाचा मध्य त्या टेकूच्या पुढे असेल तर काही भार पुढच्या चाकांवर जातो. तोच मध्य टेकूच्या मागे गेला, की पुढची बाजू वर उचलली जाते आणि तो भारही मागच्या पाट्यांवर येतो.

आता आठवलं. दोन वर्षांपूर्वी दादाने हौदा मागे दोन फूट वाढवून घेतला होता. 'जास्त माल बसतो' म्हणून. आपटायला सुरुवात त्यानंतरच झाली होती! पण वाढवल्या वाढवल्या नाही, पुढच्या कांद्याच्या हंगामात. म्हणून दोन गोष्टींचा संबंध कोणी जोडलाच नाही.

हिशोब वर्गात फळ्यावर मांडता येईल असा आहे :

पुढच्या आणि मागच्या एक्सलमधलं अंतर ३०० सेंमी. मूळ हौद्याचा मध्य मागच्या एक्सलच्या १० सेंमी पुढे होता. हौदा मागे ६० सेंमी वाढला म्हणजे त्याचा मध्य ३० सेंमी मागे सरकला. तो आता एक्सलच्या २० सेंमी मागे.

१५०० किलो × २० ÷ ३०० = १०० किलो. एवढंच वजन पुढून उचललं गेलं. भुईकाट्याने हेच सांगितलं होतं!

मूळ हौद्यात, कायद्याने बसणारा १२५० किलो भार (माणसं धरून) भरला असता, तर त्यातले सुमारे ४० किलो पुढे गेले असते आणि मागे १२१० किलो आले असते. आता मागे १६०० येत होते. म्हणजे भरलेला माल २५० किलोने जास्त, पण पाट्यांवरचा भार ३९० किलोने जास्त. हे गणित कळल्यावर दादा बराच वेळ गप्प होता.

डाव्या, धड बाजूचंही कोडं सुटलं. १६०० किलोला ती ९ सेंमी दबते, म्हणजे दीड सेंमी सवड उरते. एवढ्या सवडीत गतिरोधक कसा पार होणार? आणि रोज इतकं वाकल्यावर एखादा पाटा तुटेल नाही तर काय!

पायरी पाचवी : शॉकअप सर्वांत शेवटी

शॉकअपही तपासलेच. तेल गळत नव्हतं. खडबडीत रस्त्याने गाडी चालवून आल्यावर दोन्हींना जपून हात लावला, दोन्ही सारखेच कोमट. शॉकअप हालचालीची ऊर्जा उष्णतेत बदलतो, म्हणून चालून आल्यावर तो गरम लागला पाहिजे. एक गरम आणि दुसरा थंडगार असेल तर थंड असलेला बहुधा मेलेला. (सायलेन्सरपासून हात लांब ठेवा.)

आणखी एक खूण : पहिल्या खड्ड्यात काही होत नाही, पण ओळीने तीन-चार खड्डे आले की शेवटच्याला गाडी आपटते, असं असेल तर शॉकअपवर संशय घ्यावा. कारण मधल्या वेळात झुलणं थांबलेलं नसतं. आमची गाडी पहिल्याच खड्ड्यात आपटत होती.

'जाड पाटे टाकले असते तर?'

हा प्रश्न दादाने विचारला, तुमच्याही मनात आला असेल. पाटे कडक करता येतात. सारख्या जाडीच्या पाच पाट्यांत सहावा टाकला तर कडकपणा साधारण पाचव्या हिश्शाने वाढतो. पाट्याची जाडी दुप्पट केली तर तो तब्बल आठपट कडक होतो. पण त्याने आवाज बंद होतो, भार कमी होत नाही. तोच भार एक्सल, बेअरिंग, टायर, चासी आणि ब्रेक यांच्यावर पडतच राहतो. त्यांना कोणी जादा पाटा टाकलेला नसतो. आणि पुढची चाकं हलकी झाली की स्टेअरिंग हलकं लागतं, पुढचे ब्रेक नीट पकडत नाहीत, रात्री दिवे समोरच्याच्या डोळ्यांवर जातात. जाड पाट्यांनी यातलं काहीही सुधारत नाही.

खाली वाकून बघताना आम्हाला आणखी एक गोष्ट दिसली होती. मागच्या चाकांकडे जाणारा ब्रेकचा पाईप एका जागी दबून चपटा झाला होता. चासी आणि एक्सलच्या मध्ये सापडून. अजून फुटला नव्हता, एवढंच. त्या गाडीत पुढच्या सीटवर माझा भाचा बाजाराला जातो. त्या क्षणी आमच्या दृष्टीने हा खर्चाचा प्रश्न राहिला नाही.

मग काय केलं?

ब्रेकचा पाईप त्याच दिवशी बदलला. हौदा कापून मूळ मापाचा केला, फाळका पूर्वीच्या जागी आला. (नोंदणीतल्या तपशिलापेक्षा गाडी वेगळी करून घेणं मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ लाही चालत नाही, हे आम्हाला नंतर कळलं.) तुटलेला पाटा बदलला, मधे टाकलेला जादा पाटा काढला आणि दोन्ही बाजूंच्या पाट्यांना पुन्हा कमान देऊन घेतली. यू-बोल्ट आवळले, आणि थोडे दिवस गाडी चालल्यावर परत एकदा आवळले. पुन्हा माप घेतलं : रिकामी असताना दोन्हीकडे १२ सेंमी, हजार किलोला दोन्हीकडे साडेपाच. दोन्ही बाजू सारख्या. पुन्हा गोळे चिकटवून चक्कर मारली, दोन्ही गोळे शाबूत आले, फक्त थोडेसे चेपलेले.

दादाची तक्रार होतीच. "चार खेपांत जाणाऱ्या मालाला आता पाच खेपा. डिझेल कोण भरणार?" त्याचं म्हणणं खोटं नाही. शेतकऱ्याला एकेक रुपया मोजावा लागतो. पण कायद्याच्या कलम १९४ मध्ये जादा वजनाला २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये दंड लिहिलेला आहे. शॉकअप, जादा पाटा, तुटलेला पाटा यांचा खर्च त्याने स्वतःच वहीत मांडला. शेवटी म्हणाला, "पाचवी खेप स्वस्त पडली असती."

वर्गात काय करता येईल?

१) तीस सेंमीची प्लास्टिकची पट्टी टेबलाच्या कडेबाहेर २४ सेंमी काढून घट्ट दाबून धरा. टोकाला कागदी कप बांधा. त्यात एकेक गोटी टाकत टोक किती खाली गेलं ते मोजून लिहा. नंतर पट्टी फक्त १२ सेंमी बाहेर ठेवून तेच करा. लांबी निम्मी झाली की वाकणं सुमारे आठव्या हिश्शावर येतं, मुलं थक्क होतात.

२) एकावर एक दोन पट्ट्या ठेवून तेच करा. वाकणं साधारण निम्मं होतं. पाटे चवडीने का लावतात, ते न सांगता कळतं.

३) पट्टीखाली पेन्सिलचा टेकू ठेवून खोडरबर टेकूच्या अलीकडे-पलीकडे सरकवा. हौदा वाढवल्यावर काय झालं ते मुलंच सांगतील.

तिन्ही प्रयोगांत एक नियम पाळा : एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि प्रत्येक वेळी लिहून ठेवायचं.

हाच नियम मला या सुट्टीत सगळ्यात जास्त उपयोगी वाटला. आमच्या वर्गात एक मुलगा वाचनात सारखा अडखळतो. मी त्याला जास्तीचं गृहपाठ देत होते. म्हणजे जादा पाटाच टाकत होते की! जून महिन्यात आधी बसून मोजलं : कुठल्या शब्दांना अडतो, सकाळी अडतो की दुपारी, फळ्यावरचं वाचताना की पुस्तकातलं. फळ्यावरचं त्याला दिसतच नव्हतं. आता चष्मा आहे, पहिल्या बाकावर बसतो.

आपापल्या घरची गाडी एकदा पट्टी लावून बघा. मुलांना सोबत घ्या, आकडे त्यांना लिहू द्या. काय सापडलं ते जरूर कळवा.